शब्द जसेच्या तसे : अब्रुनुकसानीची खासगी फिर्याद लिहिताना

"त्याने भर सभेत माझी इज्जत काढली." काय म्हणाला? "वाट्टेल ते बोलला." म्हणजे नेमके काय? "आता ते तोंडाने कसं सांगू वकीलसाहेब, पण सगळे होते तिथं." तालुक्याच्या फौजदारी कोर्टात अब्रुनुकसानीच्या खासगी, म्हणजे पोलिसांमार्फत न जाता थेट कोर्टात द्यायच्या, फिर्यादी लिहिणाऱ्या आम्हा मंडळींचे निम्मे काम म्हणजे हे 'वाट्टेल ते' खोडून त्या जागी मूळ वाक्य बसवणे. ते बसले नाही तर पुढचा सगळा कागद पोकळ राहतो, आणि पक्षकाराला ते पहिल्या दिवशी पटत नाही.

आधी हे अब्रुनुकसानीचे प्रकरण आहे का, ते ठरवावे लागते. शिवी आणि आरोप या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आईबहिणीवरून शिव्या दिल्या तर अपमान होतो, पण त्यातून ऐकणाऱ्याच्या मनात तुमच्याविषयी कुठली माहिती पोचत नाही. "याने ठेवीदारांचे पैसे खाल्ले" या वाक्यातून पोचते. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ ला हा दुसरा प्रकार लागतो. दुसऱ्यांच्या नजरेत माणसाचे चारित्र्य, अक्कल, जातीतले वा धंद्यातले स्थान किंवा पत कमी होईल असे दोषारोपण हवे. शांतताभंग व्हावा म्हणून मुद्दाम केलेला अपमान कलम ३५२ मध्ये जातो. बाईच्या विनयशीलतेचा अवमान करणाऱ्या शब्दांना कलम ७९ आहे आणि तो गुन्हा दखलपात्र आहे, म्हणजे पोलीस थेट गुन्हा नोंदवू शकतात. अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्तीला सार्वजनिक दृष्टीच्या ठिकाणी जातिवाचक शिवीगाळ झाली असेल तर ॲट्रॉसिटी कायदा, म्हणजे थेट पोलीस ठाणे. अशा प्रकरणात अब्रुनुकसानीची खासगी फिर्याद टाकून वर्षे घालवणे हा सल्ल्यातला दोष, पक्षकाराचा नव्हे.

आणखी एक चाळणी म्हणजे ऐकणारा तिसरा माणूस. बंद पाकिटातून फक्त तुम्हालाच पाठवलेले पत्र कितीही घाणेरडे असले तरी ते तिसऱ्याने वाचल्याशिवाय अब्रुनुकसानी होत नाही. तेच पत्र सोसायटीच्या फलकावर लागले की होते. 'आमच्या सगळ्या समाजाची बदनामी झाली' म्हणून येणारेही असतात. त्या वाक्याचे बोट तुमच्यावर किंवा ओळखता येईल अशा ठरावीक गटावर असल्याचे दाखवता येत नसेल तर फिर्याद टिकत नाही, कारण तक्रार करण्याचा हक्क बाधित व्यक्तीचाच आहे. अज्ञान मूल, मनोरुग्ण, फार आजारी माणूस किंवा रूढीप्रमाणे लोकांत न येणारी स्त्री असेल तर कोर्टाच्या परवानगीने दुसरा कोणी फिर्याद देऊ शकतो. मृत व्यक्तीबद्दल बोलले गेले असेल, आणि घरच्यांची मने दुखावण्याच्या हेतूने बोलले गेले असेल, तर घरचे येऊ शकतात.

पोलीस ठाण्याचा विषय इथेच संपवतो. अब्रुनुकसानी अदखलपात्र आहे. ठाण्यात गेलात तर एनसी, म्हणजे अदखलपात्र गुन्ह्याची नोंद, करून घेतील आणि कोर्टात जायची समज देतील. यात पोलीस टाळाटाळ करतात असे लोकांना वाटते. इथे मात्र ते कायद्याप्रमाणेच वागत असतात. सर्वोच्च न्यायालयाने १३ मे २०१६ च्या निकालात अब्रुनुकसानीचे फौजदारी कलम घटनेला धरून आहे असे ठरवले. त्याच निकालात हेही सांगितले की या गुन्ह्यात एफआयआर होत नाही आणि दंडाधिकारीही तसा आदेश देऊ शकत नाहीत. तरी आजही 'गुन्हा नोंदवण्याचे आदेश व्हावेत' असे अर्ज येतात आणि तीनचार तारखा खाऊन निकाली निघतात. एनसी सक्तीची नाही. फायदा एवढाच की घटनेनंतर लगेच तुम्ही तेच शब्द सांगितले होते, याची तारखेसह नोंद राहते. म्हणून एनसीत 'बदनामीकारक भाषा वापरली' असे मोघम लिहू देऊ नका. अंमलदार कंटाळा करतो, पण तुम्ही वाक्य सांगितलेत तर लिहून घेतो. हेच वाक्य पुढे उलटतपासात तुमच्या बाजूने उभे राहते, आणि वेगळे लिहिले गेले असेल तर तुमच्याविरुद्ध.

मुदतीत दोन घड्याळे चालतात. फौजदारी फिर्यादीला तीन वर्षे, नुकसानभरपाईच्या दिवाणी दाव्याला फक्त एक वर्ष. 'आधी फौजदारीचा निकाल लागू दे, मग भरपाई मागू' म्हणणाऱ्याचा दावा मुदतबाह्य होतो. भरपाई हवी असेल तर दावा स्वतंत्रपणे आणि वर्षाच्या आत टाका. कोर्ट फी मागितलेल्या रकमेच्या प्रमाणात बसते, तेव्हा नोटिशीत ऐटीत लिहिलेले पाच कोटी दाव्यात उतरवताना खिसा तपासा. घटनेची तारीख आणखी एका कारणाने महत्त्वाची आहे. १ जुलै २०२४ पूर्वी बोललेल्या शब्दांना भारतीय दंड विधानाचे कलम ४९९-५०० लागते, फिर्याद आज दाखल केली तरी. कार्यपद्धती मात्र नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेची. मथळ्यात चुकीचे कलम टाकले म्हणून फिर्याद लगेच बाद होत नाही, पण आरोपीच्या वकिलाला पहिली तारीख फुकट मिळते.

आता पुरावा. इथे जरा थांबायला हवे, कारण बहुतेक फिर्यादी इथेच मरतात.

तोंडी बोलण्याचा पुरावा म्हणजे ऐकणारे साक्षीदार. दोन पुरे, चार चांगले, दहा नकोत. दहा जणांच्या तोंडून एकच वाक्य दहा तऱ्हांनी निघते. घटना घडली त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी प्रत्येकाकडून त्याला आठवतात ते शब्द त्याच्याच हस्ताक्षरात कागदावर उतरवून तारीख घालून ठेवावी. हा कागद पुरावा म्हणून दाखल करण्यासाठी नसतो. सहा महिन्यांनी, किंवा तीन वर्षांनी, साक्ष देण्याआधी आठवण ताजी व्हावी म्हणून असतो. सगळ्यांना एकत्र बसवून एकच मजकूर लिहवून घेऊ नका. पाठ केलेली साक्ष न्यायाधीशाला पहिल्या दोन वाक्यांत कळते.

छापील मजकुरासाठी मूळ अंक लागतो, कात्रण नव्हे. दोन प्रती घ्या. पूर्ण अंक यासाठी की संपादक, मुद्रक, प्रकाशक यांची नावे असलेली ती बारीक ओळ त्यातच असते, आणि जबाबदार कोण हे तिच्यावरून ठरवायला सुरुवात होते. ई-पेपरची प्रत आणि गावात आलेली आवृत्ती यांत बातमी वेगळी असू शकते, तीही तपासा. मालकाला, समूहाच्या अध्यक्षाला आणि झाडून सगळ्या संचालकांना आरोपी करण्याची हौस आवरा. ज्याचा त्या मजकुराशी काय संबंध हे एका वाक्यात सांगता येत नाही, त्याच्याविरुद्धची प्रोसेस, म्हणजे हजर होण्याचा कोर्टाचा आदेश, वरच्या कोर्टात रद्द होते, आणि तो अर्ज चालेपर्यंत तुमचा मूळ खटला पडून राहतो.

व्हॉट्सॲपचे स्क्रीनशॉट तर आता प्रत्येक फाइलमध्ये असतात, आणि निम्मे निकामी. साधा दोष असा की फोनमध्ये नाव सेव्ह केलेले असते, म्हणून चित्रात 'बंडू शेजारी' दिसते, नंबर दिसत नाही. संपर्काचा तपशील उघडून नंबराचे चित्र घ्या, ग्रुपचे नाव आणि सभासदसंख्या दाखवणारे चित्र घ्या, संदेशाची तारीख-वेळ दिसेल असे चित्र घ्या. मागचे-पुढचे दहावीस संदेशही घ्या. नुसते एक वाक्य कापून आणले की समोरचा म्हणतो, संदर्भ वेगळा होता, आणि कधी कधी तो खरे बोलत असतो. व्हिडिओ असेल तर मूळ फाइल जपा. व्हॉट्सॲपवरून पुढे ढकललेली फाइल दाबली जाते आणि ती मूळ फाइल राहत नाही. ज्या फोनवर संदेश आला तो फोन विकू नका, रीसेट करू नका.

या सगळ्यासोबत प्रमाणपत्र लागते. जुन्या पुरावा कायद्यातले ६५-ब, आता भारतीय साक्ष्य अधिनियमाचे कलम ६३(४). ते सक्तीचे आहे हे सर्वोच्च न्यायालयाने १४ जुलै २०२० ला पक्के केले. ते प्रकरण आपल्या जालना विधानसभा मतदारसंघाच्या निवडणुकीचे होते. नव्या कायद्यात प्रमाणपत्राचा नमुना अधिनियमाला जोडलेला आहे आणि त्याचे दोन भाग आहेत. 'अ' भाग पक्षकाराने भरायचा, 'ब' भाग तज्ज्ञाने. दोन्हींत फाइलची हॅश व्हॅल्यू, म्हणजे त्या फाइलवरून संगणकाने काढलेला ओळख-आकडा, लिहायची असते. फाइलमध्ये एक अक्षर बदलले तरी हा आकडा पूर्ण बदलतो. म्हणून क्रम असा ठेवा : आधी फाइल पेनड्राइव्हवर घ्या, मग हॅश काढा, मग प्रमाणपत्र भरा, आणि नंतर त्या फाइलला हात लावू नका. प्रमाणपत्र झाल्यावर कोणीतरी 'आवाज नीट ऐकू यावा म्हणून' फाइल सुधारून पुन्हा सेव्ह करतो आणि आकडा जुळत नाही. 'अ' भाग भरून 'ब' कोरा ठेवणे हा सध्याचा सर्वांत प्रचलित दोष.

ग्रुपच्या ॲडमिनला आरोपी करायचे का, हा प्रश्न दर वेळी येतो. सभासदाने टाकलेल्या मजकुरासाठी निव्वळ ॲडमिन म्हणून कोणी जबाबदार ठरत नाही, दोघांचा समान हेतू किंवा पूर्वनियोजन दिसले पाहिजे, असे मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये म्हटले आहे. तेव्हा ॲडमिनला साक्षीदार करता आले तर बघा, तो जास्त उपयोगी. खोट्या नावाच्या खात्यावरून बदनामी झाली असेल तर मात्र खासगी फिर्याद कामाची नाही, कारण समन्स कोणाच्या नावे काढायचे? तोतयेगिरी माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ६६-क, ६६-ड मध्ये बसते का ते पाहून सायबर पोलिसांकडे जावे. आणि ६६-अ लिहू नका! पालघरच्या दोन मुलींच्या अटकेनंतर गाजलेले ते कलम २४ मार्च २०१५ ला रद्द झाले. अजून तक्रारींत डोकावते.

नोटीस. फौजदारी फिर्यादीपूर्वी ती बंधनकारक नाही, तरी आम्ही पाठवतो. कारण उत्तरात बहुतेक लोक 'मी असे बोललोच नाही' म्हणण्याऐवजी 'बोललो ते खरेच आहे' असे लिहून बसतात, आणि शब्द उच्चारल्याचा वाद तिथेच मिटतो. पंधरा दिवसांची मुदत देण्याचा रिवाज आहे. नोटिशीची प्रत गावातल्या पंचवीस जणांना पाठवण्याचा आग्रह पक्षकार धरतो. ते करू नये. आपल्याविषयीचा आरोप आपणच पंचवीस घरांत नेऊन पोचवतो.

फिर्यादीचा मसुदा मराठीत करावा, निदान ते वाक्य तरी. इंग्रजी मसुद्यात मूळ बोलणे भाषांतरित होऊन येते, मग साक्षीदार मराठीत वेगळेच सांगतो आणि आरोपीचा वकील दोन्हींतला फरक बोटाने दाखवतो. एकच परिच्छेद दोन तऱ्हांनी लिहून दाखवतो. पतसंस्थेच्या वार्षिक सभेतली घटना धरू. नेहमी येतो तो मसुदा असा :

"आरोपीने दि. … रोजी सर्व सभासदांसमोर फिर्यादीस उद्देशून अत्यंत खालच्या पातळीवर जाऊन बदनामीकारक वक्तव्ये केली, त्यामुळे फिर्यादीची समाजातील प्रतिष्ठा धुळीस मिळाली."

हवा तो असा :

"दि. … रोजी दुपारी सुमारे साडेतीन वाजता, संस्थेच्या कार्यालयातील सभागृहात, विषय क्रमांक ४ वर चर्चा चालू असताना आरोपी क्र. १ उभे राहिले व फिर्यादीकडे हात करून मोठ्याने म्हणाले, 'ह्या माणसानं ठेवीदारांचे पैसे खाल्लेत, गावातला बंगला त्याच पैशातनं उभा राहिलाय.' त्या वेळी साक्षीदार क्र. १ व २ पुढच्या रांगेत होते व त्यांनी हे शब्द ऐकले. सदर विधान खोटे आहे. फिर्यादीच्या घराचे बांधकाम संस्थेत पद घेण्यापूर्वीचे असून कर्जाचे कागद निशाणी क्र. … वर आहेत."

कोण, कधी, कुठे, कोणाकडे पाहून, कोणते शब्द, कोणी ऐकले, आणि ते खोटे का. 'खाल्लेत' ला 'अपहार केला आहे' असे शुद्ध करून लिहू नका. लिहिणाऱ्याची बोटे शिवशिवतात, तरीही. 'खोटे का' हा तुकडा कायद्याने फिर्यादीत मागितलेला नाही, पण न्यायाधीशाच्या मनात पहिला प्रश्न तोच असतो.

सोबत वकालतनामा, शपथपत्र, साक्षीदारांची यादी, कागदयादी, नोटीस आणि पोचपावती, प्रमाणपत्र, पेनड्राइव्ह, आणि जितके आरोपी तितक्या जादा प्रती. स्त्री असेल किंवा अनुसूचित जाती-जमातीची व्यक्ती असेल तर उत्पन्न न पाहता विधी सेवा समितीकडून वकील मोफत मिळतो. हे सांगितले तरी फार थोडे जण तिकडे जातात. फिर्याद दाखल झाली की सोळा अक्षर-अंकांचा सीएनआर, म्हणजे खटल्याचा ओळख क्रमांक मिळतो, तो फोनमध्ये ठेवा. तारीख विचारायला वकिलाच्या कारकुनाला रोज फोन करण्याचे कारण उरत नाही.

मग व्हेरिफिकेशन, म्हणजे शपथेवरचा पडताळणी जबाब. पक्षकाराला वाटते ही औपचारिकता आहे. खरे तर पुढे सगळा उलटतपास या जबाबाच्या शब्दांवरून होतो. न्यायाधीश विचारतात, काय झाले? पक्षकार भारावून फिर्यादीत नसलेल्या तीन गोष्टी सांगतो : मारायला धावला, बायकोचेही नाव घेतले, आधीही दोनदा बोलला होता. हे सगळे जबाबात उतरते, आणि पुढे 'हे फिर्यादीत का नाही?' या प्रश्नाला उत्तर नसते. म्हणून आदल्या दिवशी स्वतःची फिर्याद दोनदा वाचून यावे, विचारले तेवढेच सांगावे, आणि सही करण्याआधी टंकलेले वाक्य पडद्यावर किंवा कागदावर वाचून पाहावे. लघुलेखकाने 'खाल्लेत' चे 'खाल्ले असतील' केले तर तिथल्या तिथे दुरुस्ती मागावी. कोणी रागावत नाही.

इथे नागरिक सुरक्षा संहितेने एक पायरी वाढवली आहे. कलम २२३ प्रमाणे दखल घेण्यापूर्वी आरोपीला म्हणणे मांडण्याची संधी द्यावी लागते. पूर्वी प्रोसेस इश्यू होईपर्यंत आरोपीला कोर्टात बोलायला जागा नव्हती. आधी जबाब की आधी नोटीस, यावर गोंधळ झाला. कर्नाटक उच्च न्यायालयाने २०२४ मध्ये एका अब्रुनुकसानीच्याच प्रकरणात आधी फिर्यादी व साक्षीदारांचे शपथेवरचे जबाब, मग ते सोबत जोडून आरोपीला नोटीस, असा क्रम सांगितला. फिर्यादीच्या दृष्टीने परिणाम असा की आरोपी आपले कागद आधीच पुढे आणतो, आणि कच्ची फिर्याद इथेच गळते. शिवाय आरोपी कोर्टाच्या हद्दीबाहेर राहत असेल तर कलम २२५ ची चौकशी सक्तीची आहे. सांगलीत फिर्याद, आरोपी ठाण्यात, आणि चौकशीशिवाय प्रोसेस निघाली तर सत्र न्यायालयात पुनर्निरीक्षणात तो आदेश पडतो. न्यायाधीशांच्या नजरेतून ते सुटले तरी फिर्यादीच्या वकिलाने स्वतः लक्षात आणून द्यावे. आपल्याच आदेशाचे आयुष्य वाढते.

प्रोसेस निघाली की समन्सचा भत्ता भरणे आणि पत्ता बरोबर देणे एवढेच. 'राहणार मु. पो. अमुक' एवढ्यावर बेलिफ दोनदा परत येतो. गुन्हा जामीनपात्र आहे, आरोपी हजर होऊन जामीन देतो. त्याला तुरुंगात पाहण्याच्या इच्छेने आलेल्याला हे आधीच सांगावे. शिक्षा दोन वर्षांपर्यंत साधी कैद, किंवा दंड, किंवा दोन्ही, किंवा नव्या न्याय संहितेप्रमाणे समाजसेवा.

समन्स खटल्यात (कमी शिक्षेच्या गुन्ह्यांचा, साध्या पद्धतीने चालणारा खटला) एक धोका असा आहे की पक्षकार त्याला साधी गैरहजेरी समजतो. तारखेला फिर्यादी आला नाही, वकिलानेही अर्ज दिला नाही, आणि हजर होण्यासाठी दिलेल्या तीस दिवसांतही तो आला नाही, तर नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम २७९ प्रमाणे आरोपी निर्दोष सुटू शकतो. केवळ फाइल बंद झाली असे नाही, निर्दोष मुक्तता! त्यावर अपील उच्च न्यायालयात आणि तेही आधी परवानगी मागून. शेतीची कामे, लग्नसराई, मुलाची परीक्षा ही कारणे खरी असतात, पण ती अर्जात लिहून सकाळी अकराच्या आत बोर्डावर पोचली पाहिजेत.

उलटतपासात दोन प्रश्न हमखास येतात. साक्षीदाराला : "हे ऐकून तुमचे फिर्यादीविषयीचे मत वाईट झाले का?" साक्षीदार फिर्यादीचा मित्र असतो, तो अभिमानाने सांगतो, "छे, मला माहीत आहे तो सोन्यासारखा माणूस आहे." संपले असे वाटते. तसे संपत नाही, कारण कलमाला प्रत्यक्ष नुकसान लागत नाही. नुकसान व्हावे हा हेतू, किंवा होईल याची जाणीव पुरते. तरीही जो फिर्यादीला फार ओळखत नाही असा एक सभासद साक्षीदारांत असावा. दुसरा प्रश्न फिर्यादीला : "आरोपीने उपनिबंधकांकडे तुमच्याविरुद्ध अर्ज दिला होता ना?" कलमाला दहा अपवाद आहेत. अधिकार असलेल्या व्यक्तीकडे सद्भावनेने केलेली तक्रार त्यांत येते, आणि सार्वजनिक हितासाठी सांगितलेले सत्यही. तेव्हा फिर्याद सभेतल्या वाक्यावर ठेवा, उपनिबंधकांच्या अर्जावर नव्हे. दोन्ही एकत्र गुंफले की बळकट भाग दुबळ्याला बांधला जातो.

अपवाद शाबीत करण्याचे ओझे आरोपीवर असते, आणि 'सद्भावना' म्हणजे नुसते मन साफ असणे नव्हे. योग्य काळजी घेऊन केलेली कृती. याचे घरचे उदाहरण कोल्हापूर प्रकरण. दिवाण बर्वे यांच्यावर आरोप करणारी पत्रे 'केसरी' आणि 'मराठा' या वृत्तपत्रांत छापली गेली, ती बनावट ठरली, आणि १८८२ मध्ये टिळक-आगरकरांना चार महिन्यांची शिक्षा होऊन डोंगरीच्या तुरुंगात जावे लागले. त्यांच्या हेतूबद्दल कोणाला शंका नव्हती. उलट बाजूचे उदाहरण वीस वर्षे आधीचे, १८६२ चा मुंबईतला महाराज लायबल खटला. पत्रकार करसनदास मुळजींनी वल्लभ संप्रदायाच्या महाराजांविषयी छापलेले खरे आहे हे डॉ. भाऊ दाजींसारख्या साक्षीदारांनी कोर्टासमोर उभे केले आणि ते जिंकले. 'जे बोललो ते खरे' म्हणणाऱ्या आरोपीला आम्ही विचारतो ते एवढेच, की साक्षीदार कोण?

बरीच प्रकरणे निकालापर्यंत न जाता तडजोडीत मिटतात. गुन्हा तडजोडपात्र आहे, बदनामी झालेल्याने मिटवायचा, लोकअदालतीतही होतो. इथे पुन्हा शब्दांवर येऊन अडते. "माझ्या बोलण्याने कोणाच्या भावना दुखावल्या असल्यास दिलगीर आहे" हा मजकूर घेऊ नका. त्यात काय बोललो हे नाही आणि ते खोटे होते हेही नाही. माफीनाम्यात ते मूळ वाक्य, ते चुकीचे होते ही कबुली, आणि मागे घेत असल्याचे विधान हवे. माफी जिथे बोलणे झाले तिथेच हवी : सभेत बोलला असेल तर पुढच्या सभेच्या इतिवृत्तात, ग्रुपवर टाकले असेल तर त्याच ग्रुपवर, छापले असेल तर त्याच पानावर. मजकूर आधी ठरवून दोघांच्या सह्या घ्या आणि माफी प्रत्यक्ष प्रसिद्ध झाल्यावरच तडजोडीची पुरसीस, म्हणजे कोर्टाला द्यायचे लेखी निवेदन, द्या. पुरसीस आधी दिली की आरोपी मुक्त होतो, आणि माफी 'पुढच्या अंकात' राहते.